तान्हेली देवी आन् बिनभिंतीची खिडकी

मास्तरांच्या खिडकीला भिंत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नव्या माणसाला ते पटत न्हाय.

आमच्या गावाचं पोस्ट वेशीबाहेरच्या वस्तीत होतं, मास्तरांच्या राहत्या घराच्या ओसरीवर. ओसरीच्या कडंला एक टेबल, त्यावर तराजू, शिक्का आन् शाईची डबी. टेबलाच्या पुढं लाकडाची एक रिकामी चौकट दोन पायांवर उभी. कुठल्या तरी पडक्या शाळेची खिडकी मास्तरांनी लिलावात घेतली होती म्हणे. तिच्या डावीकडं मोकळं, उजवीकडं मोकळं. शेळ्या आरामात इकडून तिकडं जायच्या. पण माणसानं जे काय बोलायचं ते चौकटीतूनच. बाजूनं कुणी डोकं घातलं की मास्तर वर बघायचेच न्हाईत.

"मास्तर, माझ्या ल्योकाची मनिआर्डर आली का?"

मास्तर गप्प.

"अवो मास्तर, बहिरं झालासा का?"

"खिडकीतून बोला."

मग ती म्हातारी दोन पावलं सरकायची, चौकटीपुढं वाकायची आन् तेच पुन्हा विचारायची. आन् मास्तर जसं काय तिला आत्ताच बघितलं असं मान वर करून म्हणायचे, "या आजी, आली हाय. अंगठा कुठला देता, डावा का उजवा?"

त्यांच्या कारभारणीला पण सूट नव्हती. आतून येऊन ती म्हणाली की मीठ संपलंय, तर हे म्हणायचे, "ऑफिस चालू हाय." मग ती माउली मागच्या दारानं घराला वळसा घालून अंगणात यायची, खिडकीपुढं उभी राहायची आन् म्हणायची, "मीठ संपलंय." त्यावर मास्तर, "ऑफिस बंद झाल्यावर बघू. पुढचं कोण हाय?" गाव हसायचं. मी पण हसायचो.

मी डाक न्यायचो. सायकलच्या मागं थैली, हँडलला पाण्याची छागल. गावापासून येडशीच्या टेसनापर्यंत रोजचा जाऊन येऊन रस्ता. मला तिसरीपुरतं वाचता येतं आन् तेवढ्यावर माझं कुठं अडलं न्हाय. मास्तर सातवी पास होते. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. लिहायला जांभळी पेन्सिल, ती जिभंवर ओली करायची आन् मग लिहायचं, त्यामुळं जीभ कायम जांभळी. लहान पोरं त्यांना म्हणायची, "मास्तर, जीभ दावा," आन् मास्तर गंभीर तोंड करून दाखवायचे.

त्यांच्या वस्तीनं बुद्धधर्म घेतला तवा मास्तर तरणे होते. पुढं पोस्ट त्यांच्याकडं आलं तशी गावातल्या काही लोकांनी कुरकूर केली. उघड कुणी बोललं न्हाय, पण त्या ओसरीवर चढायचं कसं, हा सवाल होता. मग मास्तरांनी ती चौकट आणून ओसरीच्या कडंला रोवली. कुणाला चढायची गरजच उरली न्हाय. आन् कुणाला चढायचं नव्हतं, हेही दिसायचं बंद झालं. मला हे लई वर्षांनी ध्यानात आलं. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, पोस्टाला खिडकी लागती, बिनखिडकीचं पोस्ट म्हंजे किराणा दुकान.

त्यांचं दुसरं एक पालुपद होतं. कुणी म्हणालं की माझं पत्र हरवलं, तर ते चिडायचे. "हरवलं म्हणू नका. वाटंत हाय म्हणा. पोस्टात काय हरवत न्हाय." हे वाक्य एका सालात त्यांच्या जिवावर बेतणार होतं.

मोठा दुष्काळ होऊन गेला होता आन् पुन्हा दुसरा दाराशी आला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या गावदेवीचा मुखवटा जुना, धुऊन पुसून नाकडोळे सपाट झालेले. लोक म्हणायला लागले, देवीला दिसत न्हाय म्हणून पाऊस न्हाय. घरटी वर्गणी झाली. तुळजापूर आमच्यापासून हाकेवर, तिथं पितळेचे मुखवटे करणारे पिढीजात. पण आमच्या सोसायटीचे चेअरमन शिकलेले. त्यांना उत्तरेकडच्या कुठल्या कंपनीचं रंगीत पुस्तक मिळालं होतं. त्यात लिहिलं होतं, पसंत न पडल्यास माल परत, पैसे परत. चेअरमननी पत्र धाडलं, देवीचा मुखवटा एक. कुठली देवी ते लिहिलं न्हाय. त्यांना वाटलं, देवी म्हंजे आपलीच.

व्हीपीनं पार्सल आलं. खिडकीत पैसे भरून चेअरमननी सोडवलं. वाजतगाजत त्यांच्या वाड्यापुढं आणलं. चेअरमनच्या आईनं, आमी सगळे तिला आक्का म्हणायचो, कापड थोडं फाडलं, कपाळ दिसलं तसं हळदकुंकू लावलं. मग चेअरमननी उरलेलं कापड ओढलं.

देवीची जीभ बाहेर होती. हनुवटीच्या खाली आलेली, लांब, तांब्याच्या पत्र्याची, लाल. डोळे मोठे फाडलेले. वाजवणारांचे हात थांबले. आमच्याकडं अशी देवी कुणी बघितली नव्हती. लहान लेकरं आईच्या पदरात शिरली. आन् मागून कुणीतरी बाई हळूच बोलली, "तान्हेली हाय गं."

त्या साली पाण्यावरनं कुणी चेष्टा करत नव्हतं. गावच्या आडाला तळ दिसत होता. टँकर यायचा तेव्हा बाया घागरीवर घागरी आपटायच्या. आन् त्यात ही, जीभ काढून, पाणी मागत दारात आलेली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

चेअरमन म्हणाले, "चुकीचा माल हाय. परत पाठवून देऊ. पैसे वापस मिळतात."

"माल म्हणू नको," आक्का एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी पार्सल नव्या मांजरपाटात शिवून खिडकीत आलं. मास्तरांनी तराजूत टाकलं आन् भुवई वर केली. "चेअरमन, येताना हलकी होती. जाताना जड कशी झाली?"

"दुष्काळात गावात एवढं एकच काय ते वाढलं म्हणा," चेअरमन हसून म्हणाले.

"शिवलेलं मी उघडत न्हाय," मास्तर म्हणाले. पेन्सिल जिभंवर फिरवली, कापडावर जांभळा पत्ता लिहिला, नंबराची चिठ्ठी चिकटवली, पावती फाडून दिली. ते पार्सल येडशीला म्या नेलं. छोट्या गाडीत थैली चढलेली म्या बघितली. तिथून पुढं ती कुठं गेली ते कुणाला कळलं न्हाय.

महिना गेला. कंपनीचं पत्र आलं, माल पोचला न्हाय, पोचल्यावर पैसे पाठवू, आन् माल न वापरलेला पायजे. चेअरमन खिडकीत आले. मास्तरांनी तक्रार लिहून घेतली. पार्सलात काय होतं? पितळी मुखवटा, एक. अजून काय? अजून काय न्हाय. तक्रार गेली. उत्तर यायचं, तपास चालू आहे. पुढल्या महिन्यात पुन्हा तेच.

वर्गणी देणारे आधी चेअरमनकडंच बघायला लागले. पैसे खाल्ले, असं चावडीवर कुजबुजू लागले. मग चेअरमन म्हणायला लागले, "म्या पावती घेतलीया. पुढचं पोस्टाला विचारा." पोस्टाला म्हंजे कुणाला? येडशीच्या पुढं कुणी पोस्ट बघितलेलं नव्हतं. गावाला दिसत होती ती एक चौकट आन् तिच्यामागं बसलेला माणूस.

मिरगाचा पाऊस आला न्हाय. एका बाईच्या सपनात देवी आली. रामलिंगाच्या झाडीत रस्त्याच्या कडंला उभी, अंगाला मांजरपाट गुंडाळलेला, जीभ लोंबलेली, येणाऱ्या जाणाऱ्याला पाणी मागती. मी रोज त्याच झाडीतून येत होतो. दिवस मावळताना माकडं गप्प व्हायची तशी मला मागची थैली जड लागायची. मागं वळून बघायचं धाडस व्हायचं न्हाय. छागल हँडलला हालायची, तिच्यातलं पाणी डुचमळायचं, आन् मला वाटायचं, ते कुणीतरी ऐकतंय.

मग कुणाच्या तरी ध्यानात मास्तरांची जीभ आली. जन्मभर बघितलेली जांभळी जीभ. तरी माणसं म्हणायला लागली, देवीला तराजूच्या काट्यावर टाकल्यापासून जीभ काळी पडली बघा. दुसरा म्हणाला, "त्यांचा देवावर कुठं विश्वास हाय? मोडीत घातली असंल." म्या सांगितलं, थैलीत म्या घातली, गाडीत म्या चढवली. तर मला म्हणाले, "तू गप. तुला काय कळतंय, तू नुसता नेणारा."

त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांत काय काय घडत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुठं झोपड्या जळाल्या, कुठं लोक वस्ती सोडून गेले. मी त्या गावांची नावं घेत न्हाय.

एक दिवस टँकर वस्तीत थांबला न्हाय. ड्रायव्हर म्हणाला, वरून हुकूम हाय. कुणाच्या वरून, ते बोलला न्हाय. वस्तीतल्या बाया कोसभर लांब एका झऱ्याला जायला लागल्या. मग एका सकाळी मी थैली घ्यायला गेलो तर मास्तरांच्या पत्र्याला पोचा पडलेला आन् अंगणात दगड. कारभारणी आत रडत होती. मास्तर टोपी घालून बाहेर आले, ओसरी उतरले, अंगणात येऊन आपल्याच खिडकीपुढं उभे राहिले. रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "पोस्टाच्या पत्र्यावर रात्री दगड पडला. तक्रार लिहून घ्या." मग वळसा घालून खुर्चीत जाऊन बसले, पेन्सिल ओली केली आन् लिहून घेतली. हसावं का रडावं, मला कळंना.

"मास्तर," मी म्हणालो, "थोडे दिवस मुरुम गावी पाव्हण्याकडं जावा."

"आन् खिडकीत कोण बसंल?"

"जीव ऱ्हायला तर खिडकी."

"जीव हायच," ते म्हणाले. "वाटंत हाय." पण पेन्सिल धरलेला हात टेबलाखाली घेतला त्यांनी.

अशात एक जाड पाकीट आलं. बिनपत्त्याचा माल जिथं साठवतात त्या लांबच्या कचेरीतून. लिहिलं होतं, एक पार्सल सापडलंय. कापड भिजून पत्ता धुऊन गेला, नंबराची चिठ्ठी सुटली. वास मारायला लागलं म्हणून उघडलं. आत पितळी मुखवटा, त्याच्याबरोबर फुटलेला नासका नारळ, खण, तांदूळ. तुमच्या तक्रारीत नारळ न्हाय. तेव्हा हे पार्सल तुमचंच का, ते लिहून कळवा.

मास्तरांनी चेअरमनला खिडकीत बोलावून ते वाचून दाखवलं. चेअरमनचं तोंड उतरलं. माणूस हुशार. त्यांना लगेच उमजलं, नारळ म्हंजे ओटी. ओटी भरलेली देवी म्हंजे वापरलेला माल, आन् वापरलेल्या मालाचे पैसे कंपनी देत न्हाय. नारळ कबूल करावा तर पैसे बुडतात, न कबूल करावा तर देवी सापडत न्हाय.

"आमच्यात नारळ नव्हता," ते म्हणाले. "ते दुसऱ्या कुणाचं. आमचं तुमी हरवलंत."

आन् गावात जाऊन सांगितलं, मास्तर कुणाची तरी नासकी घाण आपल्या गळ्यात बांधतोय.

बाजारच्या दिवशी उन्हं चढताना लोक आले. चाळीस-पन्नास असतील. बऱ्याच जणांच्या हातात काठ्या. मी थैली बांधत ओसरीखाली उभा होतो. वस्तीतली दारं धडाधड लागली. आतून मास्तरांच्या कारभारणीनं कडी घातली तो आवाज ऐकू आला. मास्तर बाहेर, टेबलामागं. पुढं ती चौकट. तिच्यानं एक माशी अडली नसती.

मास्तरांनी घड्याळाकडं बघितलं आन् नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ऑफिस चालू हाय. लाईन लावा."

कुणी हाललं न्हाय. मग पुढं उभा असलेला एक पेन्शनवाला म्हातारा, सवयीनं असंल, खिडकीपुढं सरकला. त्याच्यामागं दुसरा. त्याच्यामागं तिसरा. बघता बघता काठ्या घेतलेल्या माणसांची लाईन लागली, पार अंगणाबाहेरच्या लिंबापर्यंत.

"काय काम हाय, बाबा?" मास्तर म्हणाले.

म्हातारा घोटाळला. "आमी... जाब विचारायला आलोय."

"कार्ड, पाकीट, का रजिस्टर?"

लाईनीत मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आन् त्याला कोपर बसलं. पण हसणाऱ्याच्या पण हातात काठी होतीच. मला वाटलं, आता एक जण पुढं आला की संपलं. आन् तो आला. चेअरमन लाईन सोडून बाजूनं ओसरीकडं आले. "लई झाली नाटकं! देवी कुठं हाय?"

"खिडकीतून बोला, चेअरमन."

चेअरमननी चौकटीला लाथ मारली. चौकट अंगणात पडली, एक पाय निखळला. लाईन मोडायला लागली. कुणीतरी शिवी दिली. मास्तर उठले. माझ्या तोंडाला कोरड पडली, जीभ टाळ्याला चिकटली. मास्तर ओसरी उतरले, त्या सगळ्यांच्या मधनं चालत गेले, चौकट उचलली, निखळलेला पाय दगडानं ठोकला, जागच्या जागी उभी केली आन् जाऊन बसले.

"हां. बोला."

तेवढ्यात लिंबाखालनं आवाज आला, "सरका रं." आक्का होती. पायांत चपला न्हाईत, पदर डोक्यावर. लाईन आपोआप फाटली. ती येऊन खिडकीपुढं थांबली, वाकली आन् चौकटीत तोंड घातलं.

"मास्तर, लिव बाबा. नारळ म्या घातला."

"आये!" चेअरमन ओरडले.

"तू गप ऱ्हा. लिव. पाण्याचा नारळ एक. हालवून बघून घेतला होता. खण एक, हिरवा. मूठभर तांदूळ. पार्सल शिवायच्या आधी म्या तिच्या ओटीत घातलं. तान्हेली होती ती. एवढ्या लांबच्या वाटंला कोरड्या तोंडानं लेकीबाळीला कुणी धाडतं का?"

मास्तरांनी पेन्सिल जिभंवर फिरवली. सगळ्यांनी ती जांभळी जीभ बघितली. ते लिहीत गेले आन् मोठ्यानं वाचत गेले, "पाण्याचा नारळ एक. खण एक, हिरवा."

"आये, आता पैसे मिळायचे न्हाईत," चेअरमन रडकुंडीला आले.

"मिळाले तर काय करशील? दुसरी मागवशील? तिचं नाक आवडलं न्हाय तर तिला पण परत धाडशील."

"आक्का," मास्तर म्हणाले, "पार्सल कंपनीकडं पुढं पाठवायचं का इकडं परत आणायचं? लिहावं लागतं."

"घरला आण."

काठ्या खाली आल्या. लोक एकेक करून गेले. जाताना कुणी मास्तरांकडं बघितलं न्हाय. टँकर मात्र वस्तीत थांबला न्हाय तो न्हायच. माणसाला चूक कळली म्हणून हुकूम लगेच फिरत न्हाय.

देवी आली तेव्हा श्रावण कोरडाच चालला होता. येडशीला ती म्या उतरवून घेतली. पोस्टानं लाकडी खोक्यात घालून दिली होती. रामलिंगाच्या झाडीतून येताना मी मोठमोठ्यानं बोलत होतो, "आई, आता दम धर, आलंच गाव." कुणी ऐकलं असतं तर मला पण येडा म्हणालं असतं.

पोस्टापुढं सगळं गाव गोळा झालेलं. आक्का खिडकीपुढं. मास्तरांनी पावतीवर अंगठा घेतला, खोकं उचललं आन् चौकटीत घातलं. जाईना. आडवं केलं, उभं केलं. खोकं मोठं, खिडकी लहान. बाजूला दोन्हीकडं मोकळं अंगण. मास्तर त्या चौकटीकडं बघत ऱ्हायले. मग त्यांनी टेबलावरच खोक्याची फळी उचकटली, देवी बाहेर काढली आन् खिडकीच्या बाजूनं चालत आले. पहिल्यांदा. ऑफिस चालू, खिडकी जागेवर उभी असताना. आन् आपल्या हातांनी देवी आक्काच्या पदरात घातली.

कपाळावरचं कुंकू अजून होतं. जीभ तशीच बाहेर.

आक्का म्हणाली, "पाणी आणा."

वाडा लांब, आड कोरडा. सगळ्यात जवळचं घर मास्तरांचंच होतं. दार किलकिलं करून मास्तरांची कारभारणी उभी होती. आक्कानं तिच्याकडं बघितलं. "आण की गं. तिला किती वेळ उभी करतीस?"

लाईनीच्या दिवशी मी भ्यालो होतो, पण त्या घटकेला त्याहून जास्त भ्यालो. आता कोण ओरडतं, कोणाचा दगड येतो, असं झालं. आत रांजणाच्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज आला. लई वेळ घासला. मग ती बाई बाहेर आली, हातात अर्धा तांब्या. झऱ्यावरनं डोक्यावर आणलेलं पाणी. आक्कानं तो घेतला आन् देवीच्या जिभंवर धार धरली. पाणी जिभंवरनं आक्काच्या पदरात गळलं. कुणी ओरडलं न्हाय. चेअरमननी मान खाली घातली.

"उद्या टँकर आधी हितं थांबला पायजे," आक्का ल्योकाला म्हणाली. दुसऱ्या दिवशी टँकर थांबला.

लोक विचारतात, मग त्या साली पाऊस पडला का? पडला न्हाय. कंपनीचे पैसे पण आले न्हाईत. देवी हाय, अजून जीभ काढूनच हाय, आन् गावात लग्न असो का मयत, तिला पहिलं पाणी मिळतं.

त्या दिवशी आक्का देवी घेऊन निघाली, गाव तिच्यामागं निघालं. मास्तर खिडकीला वळसा घालून खुर्चीत जाऊन बसले. अंगणात मी एकटाच उरलो होतो, बाजूला उभा. माझ्याकडं त्यांनी बघितलंच न्हाय. चौकटीतून समोरच्या रिकाम्या अंगणाला म्हणाले, "पुढचं कोण हाय?"

मी सरकलो आन् खिडकीपुढं जाऊन उभा ऱ्हायलो.